बादलीतला पळस

माय, सकाळपासून मी रंगच बघत बसलेय. तुला हसू येईल, पण हल्ली मी जळगावच्या मेहरूण भागातल्या घरी अंघोळीचे गोळे बनवून विकते. खायचा सोडा, लिंबूसत्व, थोडं खोबरेल, आणि रंग. पाण्यात टाकला की गोळा फसफसतो, पाणी रंगतं. बाथ बॉम्ब म्हणतात त्याला. जळगावात टब कुणाकडे असणार? म्हणून माझे लिंबाएवढे, बादलीत टाकायचे. गिऱ्हाइकांचं म्हणणं एकच, रंग दिसला पाहिजे पण टॉवेलला लागता कामा नये. बिटाची पूड सोड्यानं तपकिरी पडली, हळद लालसर झाली, खाण्याच्या रंगानं बादलीला कडं धरलं. शेवटी काल पळसाची वाळलेली फुलं कुटून घातली. आज तो गोळा सोडला आणि बादलीत तुझं पाणी दिसलं. हात तसाच बुडवून मी खूप रडले.

शिंदखेड्याकडच्या आपल्या गावी तू होळीला नाल्याकाठची फुलं पदरात भरून आणायचीस, भिजत घालायचीस. धुळवडीला सकाळी त्यात नखभर चुना पडतो, पिवळं पाणी केशरी होतं, आणि सगळा उन्हाळा ऊन बाधू नये म्हणून तू मला पाटावर बसवून डोक्यावरून तांब्या ओततेस. म्हणतेस, "बठ्ठा उन्हाया ऊन लागाव नही." नखं पिवळी, टॉवेल पिवळा. पुढे धुळ्याला कॉलेजात गेले आणि त्याच नखांची मला लाज वाटायला लागली. होस्टेलच्या मुली विचारायच्या, गावाहून काय चोपडून आलीस?

त्या शेवटच्या वर्षी तुझं पोटाचं दुखणं फार वाढलं होतं. दहा पावलं चाललीस की खाली बसायचीस. तरी फुलं आणलीस. कशी आणलीस, हे मी विचारलंसुद्धा नाही. बादली मोरीत ठेवून म्हणालीस, "मना हात चालत नही. तूच आंग धोई ले, बेटा." मी दार लावलं, सगळं पाणी मोरीत ओतून दिलं आणि नळाच्या पाण्यानं अंघोळ केली. बाहेर येऊन म्हटलं, झाली. तू माझ्या हातातून टॉवेल घेतलास. तो पांढराच होता. दोरीवर नीट ताणून टाकलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "उनमा फिरू नको."

त्यानंतर तू दीड महिना होतीस. मला सांगता आलं असतं. आखाजीच्या तोंडावर तू गेलीस, आणि लेकी माहेरी येतात त्या सणाला माझं माहेरच संपलं.

हा रंग कुणी घेणार नाही, टॉवेलला लागतो. आज मीच त्या पाण्यानं अंघोळ केली. ही चिठ्ठी पळसाच्या डब्यात ठेवते, दुसरं कुठे पाठवणार? एक तेवढं सांगायचं राहिलं, माय. पाणी ओतलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. नखं स्वच्छ राहिली म्हणून मी खूश होते.