आत्याचा नंबर दुसरा

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

हा नमस्कार पेनानं, एकेक अक्षर काढून लिहिला आहे. खाडाखोड दिसली तर रागावू नकोस, पुरावा म्हणून जपून ठेव. इकडे मी खुशाल आहे (तब्येतीनं, तोंड दाखवायला जागा उरलेली नाही). तिकडची खुशाली विचारायचा हक्क मी गमावला आहे. का, ते सांगतो.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहायची, हे माझं काम तुला ठाऊकच आहे. दिवसभर एकच रड: "आपली तक्रार नोंदवली आहे. माणूस पाठवत आहोत." मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची नवी यंत्रणा आली आणि शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यानं मला युक्ती शिकवली. फाइलीत मजकूर एकदा लिहून ठेवायचा, त्याला खूण द्यायची. पुढे नुसतं अर्धविराम आणि एक दाबलं की तक्रारीचं अख्खं उत्तर पडद्यावर हजर. कंट्रोल आणि ऑल्ट धरून 'प' दाबलं की ईमेलची पत्रपेटीही आपोआप उघडायची. माकडाच्या हाती कोलीतच मिळालं. दोन नंबरला मी तुला बसवलं (इथली खाडाखोड सर्वांत मोठी आहे): "तुझं पत्र वाचून आनंद झाला. गुडघा कसा आहे? सवड मिळताच येतो." दहा महिने, दहा पत्रांना तुला हेच उत्तर गेलं.

त्यात मला उपरती झाली. जिनं लहानाचं मोठं केलं ती दुसरी आणि लिफ्ट पहिली, हे बरं दिसत नाही. सोमवारी मोठ्या आदरानं तुला एक नंबर दिला, तक्रारीला दोनवर ढकललं. बोटांना कळवायचं मात्र राहून गेलं. मंगळवारी चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मधे अडकलेल्या एका गृहस्थांनी मोबाइलवरून तक्रार केली, आणि तुझ्यासाठीचं उत्तर त्यांना गेलं. त्यांचं उत्तर मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं: "गुडघा दुखतोय. पाऊण तास उभा आहे. तुम्हाला सवड कधी मिळणार?" ऑफिस हसून लोळलं. मीही हसलो, आणि एकदम आठवलं. त्याच सकाळी तुझ्या अकराव्या पत्राला मी दोन दाबलं होतं.

धावत जाऊन ते पत्र काढलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. "पुढच्या गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत घरचं कुणीतरी हवं म्हणतात. जमेल का रे तुला?" त्याखाली माझं उत्तर: "आपली तक्रार नोंदवली आहे. माणूस पाठवत आहोत." मग मागची दहाही वाचली. गुडघा बरा झाल्याचं तू तिसऱ्यातच कळवलं होतंस. तरी पुढच्या प्रत्येक पत्रात न कंटाळता लिहिलंस, "गुडघा बरा आहे रे, तू जेवतोस ना वेळेवर?" आत्या, मला फार लाज वाटते. वेळेवर जेवतो. एवढंच एक काम मी वेळेवर करतो.

तुझा (म्हणायची सोय ठेवली असशील तर)
भाचा

ता. क. रजेचा अर्ज दिलाय, पण ते गुडघ्याचं उत्तर आत्यासाठी होतं ही सगळ्यांना थापच वाटली; मला खरंच आत्या आहे यावर इथे कुणाचा विश्वास नाही. मॅनेजरबाईंच्या नावे दोन ओळी लिहून पाठव, की तू आहेस.

ता. क. दुसरा. राहू दे, डोळ्यांना ताण नको. रजा मिळो न मिळो, गुरुवारी सकाळी सातला दार उघड. पाठवत आहोत म्हटलेला माणूस मीच आहे.