दोन अर्धे घुमट

१० एप्रिल
तिसऱ्यांदा नकाशा. जुन्या मशिदीचं छत बसलं, नवी तुर्की पद्धतीची हवी, म्हणून कमिटीनं रिटायर ड्रॉइंग मास्तर धरला. चाळीस वर्षं पुस्तकातच इस्तंबूल बघितलं, माझ्यासारखा आयता कोण मिळणार! मधे मोठा घुमट, चार बाजूंना चार अर्धे. मोठा भिंतींना बाहेर ढकलतो, अर्धे त्याला दाबून धरतात. तिथल्या जुन्या चर्चचा घुमट एकदा कोसळला होता. पुढं तुर्कांनी त्याची मशीद केली, बाहेरून टेकू दिले, त्यावरून शिकले. आपण कशावरून शिकणार, देव जाणे.

१६ एप्रिल
कमिटीचे अध्यक्ष हाजीसाब घरी. "गुरुजी, चौकाकडच्या दोन बाजूंचे अर्धे घुमट काढा. तिथं दुकानं व्हायला पायजेत."
म्हटलं, आधार जाईल.
"मोठा तर राहतोय की!"
चहा संपेपर्यंत वाद घातला. मग रबर घेतलं. माझ्याच हातानं.

८ नोव्हें.
घुमट पुरा झाला. रहीम मिस्त्रीचं काम देखणं, वीट न् वीट नेमकी. खाली उतरून विचारतो, "गुरुजी, ह्या दोन बाजूंला कायच न्हाय. दम धरंल का?"
धरेल म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

४ फेब्रु.
चौकाकडच्या भिंतीला भेग. मिस्त्रीनं उमरग्याहून काच आणली, पट्टी कापून भेगेवर आडवी सिमेंटनं बसवली. भिंत सरकली की काच तडकते. हाजीसाब म्हणे, प्लास्टर वाळतंय. हो, आणि मी तुर्कस्तानचा सुलतान.

१२ फेब्रु.
काच तुटली. उद्या नव्या मशिदीतला पहिला जुम्मा. म्हटलं, आत्ताच जाऊन सांगतो. मिस्त्रीनं हात धरला. "तुमी बोलू नका गुरुजी. लोक म्हणतील, हिंदू मास्तर मशीद बंद पाडाय आला. म्या सांगतो."
मला सुटल्यासारखं वाटलं. थू माझ्या जिनगानीवर.

१३ फेब्रु., शुक्र.
मिस्त्रीनं काल सांगितलं. हाजीसाब चारचौघांत म्हणाले, "तुझ्याच हातचं काम, अन् तुलाच भ्या वाटतंय व्हय?" रबर कोणी फिरवलं, कोणी धरेल म्हटलं, यातलं एक अक्षर मिस्त्री बोलला नाही.
आज नमाजला आत गेला. भेगेच्या भिंतीलगतच बसला.
मी पायरीपर्यंत गेलो. चपलाच चपला, रस्त्यापर्यंत. "मिस्त्री" म्हणून हाक मारली, तीही हळूच. परत फिरलो.
समोरच्या हॉटेलात बसून लिहितोय. नमाज अजून सुटली नाही.