बेटावरची पाठराखीण

सोनपेठ,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आत्याबाईंना,
रोहिणीचा मनापासून जयभीम.

आम्ही दोघं इकडं मजेत आहोत. तुमच्या गुडघ्यांचं कसं? ते तेल लावता, की बाटली खिडकीत ठेवून नुसतं तिच्याकडं बघता? शेळी व्याली का? एसटीच्या वाहकाजवळ दिलेली कारळाची चटणी पोचली. धम्मानंदांनी दोन दिवसांत अर्धी संपवली आणि वर मलाच म्हणाले, "तुला अशी जमत न्हाई." डबा रिकामा परत करू नये, म्हणून बाजारातले पेरू भरून पाठवते आहे.

पत्र बघून घाबरू नका. हल्ली घरी कागद आला की माणसाला आधी कोर्टाची नोटीस वाटते. फोन आहे, पण फोनवर मी मुद्द्याला हात घातला की तुम्हाला लगेच "आवाजच येईना गं" होतं आणि तुम्ही ठेवून देता. कागदाला तसं म्हणता येत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावा, ओट्यावर बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

तर मुद्दा असा की फेब्रुवारीत आपण अंदमानला चाललोय. हो, आपण. तुम्हाला धरून.

परभणीहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान, आणि मग बोटीनं एक छोटं बेट. त्याचं नाव आता शहीद द्वीप आहे, पण लोक अजून नीलच म्हणतात. आपल्या ताडकळसच्या शिवारासारखंच, सायकलवर फिरून होईल एवढं. तिथं भाजीपाला पिकतो, भात होतो, केळीच्या बागा आहेत. पाणी म्हणे इतकं उथळ, की गुडघाभर पाण्यातून लांबवर चालत जाता येतं. तिथं जाऊन करायचं काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. वाळूत बसायचं, शहाळं प्यायचं, भूक लागली की कुणीतरी केलेलं जेवायचं. तुम्हाला हे जड जाणार, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही खराटा मागून किनारा झाडायला काढाल.

तुमच्या सबबींची उत्तरं आधीच देऊन ठेवते. तूर तोवर घरात आलेली असेल, आणि शेत तसंही दत्ताकडं बटईनं आहे. शेळी शेजारची तानुबाई सांभाळणार आहे. तिला मी फोन केला होता, तर म्हणाली, "ने बाई तिला, आमाला बी जरा इसावा मिळंल." लुगडं भिजलं तर वाळेल, समुद्रावर उन्हाला तोटा नाही. आणि विमानाचं म्हणाल तर, "वर एकदाच जायचंय, आत्ताच कशाला?" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. आपण वर जाऊन परत खाली येणार आहोत. लोक रोज येतात.

आता हे ठरलं कसं, ते सांगते. हे डोकं माझं नाही. लग्नापासून धम्मानंद विचारत होते, कुठं जायचं. मी अजिंठा म्हणाले. मग बुद्धगया म्हणाले. समुद्र सोडून सगळी नावं घेतली.

का, ते तुम्हाला कळलंच असेल. मघापासून एक नाव लिहायचं टाळते आहे, पण ते टाळून पत्र पुढं सरकेना. सिद्धोधनचं कॅलेंडर. बियाण्याच्या दुकानातून त्यांनी आणलं होतं. निळं पाणी, वाकलेला माड, वाळू, आणि खाली छापलेलं 'अंदमान'. वर्ष संपलं तरी त्यांनी ते भिंतीवरून काढू दिलं नाही. तुम्ही भाकरी थापत असायच्या आणि ते म्हणायचे, "आई, तुला हितं न्यायचं हाय."

"मला कशाला? तुमी जोडीनं जा की."

"तू न्हाई तर आमी बी न्हाई."

मग ती मोटारसायकल, तो रस्ता. त्याबद्दल तुम्हाला मी काय लिहिणार?

मागच्या महिन्यात शाळेच्या खेळांच्या स्पर्धांसाठी पोरं घेऊन धम्मानंद ताडकळसला आले, तेव्हा तुमच्याकडं जेवून गेले. दोघांनीही मला सांगितलं नाहीत. चांगली जोडी जमली आहे तुमची! त्यांनी भिंतीवर ते कॅलेंडर पाहिलं, विचारलं, आणि तुम्ही सगळं सांगितलंत. घरी येऊन हा माणूस रोज मोबाइलात डोकं घालून बसलेला. आठ दिवसांनी माझ्यापुढं मोबाइल धरला. त्यात विमानाची तिकिटं. धम्मानंद, रोहिणी, चांगुणाबाई.

मी भडकले. म्हटलं, सिद्धोधननी चित्रात बघितलेल्या बेटावर तुम्ही मला कशाला नेता? तुम्हाला काहीच वाटत नाही का?

"वाटतंय ना," ते म्हणाले. "त्याचं न्यायचं राहून गेलं, आपण नेऊ. त्यात वाईट काय हाय?"

"आणि तिसरं तिकीट?"

"लग्नात तुझी पाठराखीण जीपमधून उतरली. ती यायची राहिलीच की."

आत्याबाई, मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

तुम्ही उतरलात तो क्षण मला विसरता येत नाही. सिद्धोधन गेल्यावर मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. तुमचा तर एकुलता एक लेक गेला होता, तरी उठून चूल तुम्ही पेटवलीत. मला घास तुम्ही भरवलात, माझ्यासाठी स्थळ तुम्ही शोधलंत. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "सुनंचं लगीन लावायलीस, येडी झालीस काय?" तेव्हा तुम्ही त्यांना तोंडावर सांगितलंत, "बायको लेकाची व्हती. लेकरू माझं हाय." विहारात माझा हात तुम्हीच त्यांच्या हातात दिलात. माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून पाठराखीणही तुम्हीच निघालात. पिशवी भरली, माझ्याशेजारी जीपमध्ये बसलात. गाडी सुरू झाली आणि तुम्ही खाली उतरलात.

"माझं तोंड म्होरं असलं की तुला मागलंच दिसंल. जा तू. ह्या घराकडं वळून बघू नको."

तुमच्या जागी गल्लीतल्या राजेश्रीकाकू आल्या. त्या रात्रभर घोरल्या, आणि सोनपेठचं पाणी मानवेना म्हणून दुसऱ्याच दिवशी परत गेल्या.

मी तुमचा शब्द पाळला. वळून बघितलं नाही. तुम्हीही इकडं पाऊल टाकलं नाहीत. डबे तेवढे एसटीनं ये-जा करतात. आपल्या दोघींपेक्षा डब्यांचंच नशीब बरं.

तुम्ही माझं सगळं भलं केलंत, आत्याबाई, एवढं एकच चुकलं. तुमचं तोंड दिसलं नाही म्हणून सिद्धोधनची आठवण यायची थांबत नाही. ती कारळाच्या चटणीतही येते. आली की धम्मानंद जवळ येऊन बसतात. असा माणूस तुम्ही मला शोधून दिलात. आज मी हसते, वाद घालते, पेरूंचा भाव करते, हे सगळं तुमचं देणं आहे. तोंडावर कधी म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "लय शिकलीस." म्हणून इथं लिहिते. तुमचे उपकार मी विसरलेली नाही, आणि मला ते विसरायचेही नाहीत.

आता खरं काय ते सांगते. मला समुद्राची एवढी हौस नाही. खोल पाण्याची तर भीतीच वाटते. बेट त्या दोघांच्या मनातलं, एक चित्रातच बघून गेला आणि एक दाखवणार आहे. माझ्या मनात वेगळंच आहे.

पाठराखीण परत जाताना नवरीला माहेरी घेऊन जाते. रीत आहे ना? राजेश्रीकाकू एकट्याच परत गेल्या, माझं ते राहूनच गेलं. म्हणून परतीला परभणीच्या स्टँडवर तुम्ही एकट्या ताडकळसच्या गाडीत चढायचं नाही. मी तुमच्या मागं चढणार आहे. चार दिवस त्या घरात मला उशिरापर्यंत झोपायचंय. तुम्ही बडबडत राहा, मी उठणार नाही. त्या कॅलेंडरखाली बसून तुमच्या हातची गरम भाकरी खायची आहे. मग जावई न्यायला येतील, त्यांना पुरणपोळी करा. मला दुसरं माहेर नाही.

होकार फोनवर सांगितलात तरी चालेल. नकार द्यायचा असेल तर मात्र आवाज येणार नाही, आमच्याकडंही रेंज नसते.

आणि या वेळी गाडी सुरू झाल्यावर उतरायचं नाही. विमानातून तसंही उतरता येत नाही. मला वाटतं, म्हणूनच जावयांनी विमान धरलंय.

माहेरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुमची लेक
रोहिणी