खाटेवरचा माग

३० डिसेंबर, सोमवार
येळवस, वेळ अमावस्येचा सण. सगळे शेतात जेवायला गेले. मी नाही गेले. तिथं पंचवीस पाहुणे आणि प्रत्येकाचा एकच सवाल, "रेखा, सासरी परत कवा?" त्यापेक्षा घर बरं.
परसातल्या मोडक्या खाटेची नवार कापून टाकली, सडलीच होती. चौकट राहिली. तिच्या दोन्ही टोकांना बोटाबोटाच्या अंतरावर खिळे ठोकले. एक घाव अंगठ्यावर. मोबाईलवर विणकाम शिकवणाऱ्या बाईकडं सागवानी माग आहे, माझ्याकडं खाट.
दुपारी वहिनी भज्जी-आंबील घेऊन आल्या. "ताई, काय करायलाव हे?"
"विणायला शिकणार आहे."
"ह्याच्यावर?"
हसल्या नाहीत, हे विशेष.

२ जानेवारी, गुरुवार
दादाच्या किराणा दुकानातला पुड्या बांधायचा दोरा आणला. खिळ्याखिळ्यावरून उभे धागे ओढले. ह्याला ताणा म्हणतात. साठ धागे. दुपारपर्यंत अकरा तुटले. मग दोरा दुहेरी केला. आईचं जुनं सुती लुगडं फाडून पट्ट्या केल्या, त्या आडव्या घालायच्या. एक धागा वर, एक खाली. चहाच्या वेळेला लक्षात आलं, दुसऱ्या ओळीपासूनच चुकलंय. सगळं उसवलं.
आई म्हणाली, "त्यापरीस शिलाई शिक. चार ब्लाउज शिवलीस तर लोक नाव काढतील."
लोकांनी आधीच भरपूर नाव काढलंय माझं.

७ जाने., मंगळवार
वीतभर झालं. पण मधेच कंबर बारीक! दोन्ही कडा आत ओढल्यात, डमरू झालाय.
समोरचे दत्तूमामा बघायला आले. चाळीस वर्षं सोलापुरात चादरीच्या कारखान्यात होते. मागाच्या आवाजानं कान गेले, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंही अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.
"पोरी, हे कापड न्हाय, चाळणी हाय चाळणी!"
दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. मी वहीवर लिहून दाखवलं: मग शिकवा.
चष्मा लावून वाचलं. "बाईमाणसाला म्या कधी शिकवलं न्हाय."
खाली लिहिलं: आज शिकवा.
 मग चप्पल काढून खाटेपाशी बसले.

१० जाने., शुक्रवार
मामांचा धडा: उभ्याला ताण, आडव्याला ढील. आडवी पट्टी ओढून घ्यायची नाही, कमानीसारखी सैल सोडायची आणि मग ठोकायची. ठोकायला फणी लागते. ती नाही म्हणून वहिनींनी काट्याचा चमचा दिला. चालतो. कडा सरळ यायला लागल्या. म्हणजे तीन ओळी सरळ, चौथी पुन्हा आत.
माझा पुड्यांचा दोरा मामांनी दोन बोटांनी तोडून दाखवला. घरी जाऊन चादरीच्या पक्क्या सुताच्या लड्या घेऊन आले. "ट्रंकेत पडून हुत्या. माझ्या मागं कोण वापरणार?" जुनं सगळं उतरवलं; त्यांनी लडी धरली, मी नवा ताणा लावला.

१९ जाने., रविवार
मुरुमहून दादाला फोन. सासरचे. (इथून पुढं नुसतं मु.) दोन तारखेला बैठकीला येणार. पोरगी नांदायला पाठवा, न्हायतर लग्नात आम्ही घातलेल्या साड्या परत करा. माझे दागिने त्यांच्याच कपाटात आहेत, त्याबद्दल अक्षर नाही.
दादा म्हणाला, "साड्या देऊन टाकू. इषय मिटवू."
म्हणजे मी विषय.
नवऱ्यानं पहिल्यांदा हात उचलला तेव्हा सासू म्हणाली, चहा गार दिला असशील. दुसऱ्यांदा म्हणाली, उलटून बोलली असशील. तिसऱ्यांदा त्यानं हात उचलला आणि मी बॅग उचलली. त्यावर कुणी बैठक बोलावली नाही.
ट्रंक उघडली. आठ साड्या. सगळ्यात खाली शालू.

२१ जाने., मंगळवार
कात्रीला धार लावून आणली.
आई आधी ओरडली, मग रडली. "शालूला तरी लावू नको गं."
पहिल्यांदा शालूलाच लावली. पहिला काप वाकडा गेला, ते लिहून ठेवते. पण त्यानंतर हात सरळ चालला. जरीची तार बोटाला कापते. सिंथेटिक साड्या घसरतात, पट्टी रुंद ठेवावी लागते. संध्याकाळपर्यंत तीन साड्यांच्या पट्ट्या.
दत्तूमामा: "भारी माल हाय की! कुणाचा?"
वहीत लिहिलं: माझा.

२९ जाने., बुधवार
दादा आठ दिवस बोलला नव्हता. आज बोलला. "घराची अब्रू कापायलीस तू."
"अब्रू असती तर तो मारताना मधे पडली असती."
जेवण टाकून दुकानात गेला.
वहिनी न सांगता येऊन बसतात, पट्ट्यांचे गुंडे करून देतात. दादाबद्दल एक शब्द नाही, माझ्याबद्दलही नाही. गुंडे मात्र घट्ट.
भीती वाटते. दादानं जा म्हटलं तर कुठं जायचं? घर त्याचं आहे. हे सगळं विणताना डोक्यात चालू असतं आणि मग धागा चुकतो. आज चार ओळी उसवल्या.

१ फेब्रु., शनिवार
खाटेवरून उतरवली. चार हात लांब सतरंजी. उजवी कड वाकडी, एक कोपरा जमिनीला टेकत नाही. मधे एका ठिकाणी दोन धागे सोडून गेलेत, ते आता तसेच राहणार.
मामांनी उलटी करून बघितली, ओढून बघितली, नखानं कड उचकटून बघितली. "बाजारात हिला कुणी हात लावणार न्हाय." गल्लीभर ऐकू गेलं. मग तितक्याच मोठ्यानं, "पण उसवणार बी न्हाय!"

२ फेब्रु., रविवार
ओसरीवर मीच अंथरली. दादानं बघितलं, काढ म्हणाला नाही.
मु.हून दोघंच आले, चुलत सासरे आणि सासू. नवरा नाही. सतरंजीवर बसले. वहिनींनी चहा दिला. सासऱ्यांनी आधी पावसापाण्याचं काढलं, मग मुद्द्यावर आले. "पोरगी येत नसंल तर साड्यांचं बोला."
सासू मान खाली घालून बसली होती, बोटं आपोआप सतरंजीवरून फिरत होती. जरीपाशी थांबली. वाकून बघितलं. मग माझ्याकडं.
"हा शालू हाय की गं."
"व्हय आत्या. आठीच्या आठी साड्या हायत ह्यात. न्यायची तर न्या, मी अडवणार न्हाय. मी मात्र येणार न्हाय."
सासरे ताडकन उठले. "पोरगी हाताबाहेर गेलीया तुमची!"
आता दादा माफी मागणार, असं वाटलं. आईलाही वाटलं असावं, ती दारातून आत गेली. दादानं चहाची बशी खाली ठेवली.
"पाव्हणं, तिचे दागिने कवा आणून देताव?"
सासरे तसेच ओसरीवरून उतरले. चप्पल उलटी घालून निघाले.
सासू मागं राहिली. रागावेल म्हणून मी तयार होते. ती म्हणाली, "चार तास दुकानात बसून निवडला हुता म्या. तुला हा रंग खुलंल म्हणून."
 
सतरंजी त्यांनी नेली नाही.

५ फेब्रु., बुधवार
गल्लीतल्या दोघींनी वहिनींना हळदीकुंकवाला बोलावलं, मला वगळून. वहिनी गेल्याच नाहीत. "डोकं दुखायलंय," असा निरोप धाडला आणि माझ्यासमोर बसून पोटभर शेंगा खाल्ल्या.
दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण सकाळी खाटेचा हलणारा पाय ठोकून गेलाय.

७ फेब्रु., शुक्रवार
मु.चा फोन. नवरा स्वतः येणार, परवा रविवारी. एकटाच. माफी मागायला, धमकी द्यायला की कोर्टाचा कागद द्यायला, दादाला विचारूनही कळलं नाही. आई आत्तापासून घर झाडायला लागलीय. दादा म्हणाला, "म्या घरीच थांबतो." एवढंच.
मला काय वाटतं? मीच विरघळेन, ही भीती. तो बोलायला गोड आहे, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक.
पण रविवारी नवा ताणा लावायचाय, ह्या खेपेला नव्वद धाग्यांचा. एकटीनं होत नाही, लडी धरायला समोर कुणीतरी लागतं. मामांना सकाळी आठची वेळ दिलीय. ती बदलणार नाही.
येणाऱ्यानं लडी धरावी, न्हायतर बाहेर बसावं.