एल्वर स्टेनरूडचा उभा गहू

मी, एल्वर मार्टिन स्टेनरूड, विधुर, धंदा शेती, राहणार बेलहॉम गावाच्या उत्तरेचा तिसरा रस्ता, सस्कॅचेवान प्रांत, कॅनडा, आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. आणायला घरात दुसरे कोणी नाही. नशापाणी केलेले नाही. कॉफी घेतली आहे.

सात वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी मरणार म्हणून केले होते आणि मी मेलो नाही. ह्या वेळी मात्र खरेच मरणार आहे. डॉक्टर वेगळे, शहर वेगळे, आणि फोटोवरचे नाव मी स्वतः वाचून घेतले. गावात अजून कोणाला सांगितलेले नाही. बाहेर गहू कापणीला आला आहे, आणि मला तो कापणे आता शक्य नाही. गावाला कळले तर ते येतील. ते येऊ नयेत म्हणून मी गप्प आहे. गेल्या वेळची लाज अजून उतरलेली नाही, तिच्यावर दुसरी चढवून घेण्याची ताकद माझ्यात नाही.

माझी पुतणी लॉरेल हिला मी ह्या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो. ती रेजायनाला राहते आणि तिला झाल्या गोष्टीतले अर्धेच ठाऊक आहे, म्हणून बाकीचे इथे लिहितो.

त्या ऑगस्टमध्ये शहरातल्या डॉक्टरने सांगितले की स्वादुपिंडात गाठ आहे, नाताळ दिसला तर नशीब. मी घरी पोहोचलो त्याच्या आधी बातमी गावात पोहोचली होती. आठवड्याभरात ओसरी भांड्यांनी भरली. कोबीचे रोल, पिरोगी, हॅम घातलेले बटाटे, बेरीच्या पाई. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचे नाव, आपल्याकडे असते तसे. पाद्रीबाबा दोनदा येऊन बसून गेले आणि माझ्या लहानपणाबद्दल इतके प्रश्न विचारले, की ते प्रवचनाची तयारी करत आहेत हे मला कळले.

मग सप्टेंबरात एका सकाळी ते सगळे आले. आपल्याकडे कापणीच्या दिवसांत माणूस आजारी पडला की त्याला विचारत नाहीत. स्वतःचे काम टाकतात आणि मशीन घेऊन त्याच्या शेतात उतरतात. रस्त्यावर हार्वेस्टरची रांग लागली होती आणि सर्वांत पुढे माझा शेजारी नेस्टर हॅव्रिल्युक. त्याची बायको पॉलिन माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि मला खुर्चीवर बसवून म्हणाली, "तू फक्त बस. हलायचं नाही." माझी बायको अर्डिस गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात इतका आवाज झाला नव्हता.

दुपारी सगळे जेवायला आले तेवढ्यात फोन वाजला. तो पॉलिनने घेतला. थोडा वेळ ऐकून तिने रिसीव्हरवर हात ठेवला.

"एल्वर, दवाखान्यातून आहे. ती बाई म्हणतेय फोटो दुसऱ्याच कुणाचे होते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या पित्ताशयात खडे आहेत. बाकी काही नाही."

तो दुसरा कोण, हे मला कधीच कळले नाही. त्याच्या शेतावर कोणी गेले होते का, हेही नाही. त्याची आठवण मला अजून येते.

मी अंगणात जाऊन सांगितले, "मी मरत नाहीये." सगळ्यांचे घास तोंडात राहिले. गस ट्वेट म्हणाला, "मग मी आणलेला हॅम परत दे." मी म्हणालो की कृपा करून घरी जा, आपापला माल आत घ्या, माझे मी करीन. नेस्टरने ताटली ठेवली. "अर्धं झालंय. कापलेलं परत उभं करू का?" सगळे हसले, आणि तो मशीनवर चढला. त्याच्या मागून बाकीचे चढले. मी गोठ्यात जाऊन बसलो आणि शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बाहेर आलो नाही. कोणाचे आभार मानले नाहीत. शब्द सुचले नाहीत असे म्हणायची सोय नाही. समोर जाण्याची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी पश्चिमेकडून गारा आल्या. माझा गहू तोवर कोठीत पडला होता. नेस्टरचा डुरम गहू त्या दिवशी कापायचा ठरला होता. तो उभाच होता, आणि गारांनी तो जमिनीत ठोकून घातला. सकाळी मी त्याच्या कुंपणाशी गेलो. तो म्हणाला, "तुझा आत गेला ना? झालं तर मग." विमा त्याने त्या वर्षी कमी उतरवला होता. हिवाळ्यात पॉलिनच्या गाई विकल्या गेल्या. तिने त्या बाटलीने दूध पाजून वाढवल्या होत्या. ह्याबद्दल दोघांपैकी कोणीही माझ्याजवळ आजवर एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर मला बरे वाटले असते.

आता कलमे.

पहिले. मला अर्डिसच्या शेजारी पुरावे. दगड तयार आहे, हे सर्वांना माहीत आहे, कारण येता-जाता सगळेच तो बघतात. दगडवाला आपल्या भागात फक्त उन्हाळ्यात येतो, म्हणून मी त्याच वेळी २०१७ हे साल कोरून घेतले होते. ते बुजवून खरे साल घालावे. पाद्रीबाबांना नवीन प्रवचन लिहावे लागेल. जुन्यातले अर्धे त्यांनी गावातल्या सेल्मरच्या अंत्यविधीला वापरले. "ज्याने कधी कोणाचे फाटक उघडे ठेवले नाही" हे वाक्य ऐकताच मी ओळखले. सेल्मर जन्मभर फाटके उघडी ठेवत आला होता.

दुसरे. तळघरातली भांडी. आपल्याकडे भांडे रिकामे परत करत नाहीत, आणि मला अंडे उकडण्यापलीकडे काही येत नाही. पण खरे कारण ते नव्हे. मरणाऱ्या माणसाला दिलेले भांडे धडधाकट माणसाने घेऊन दारात कसे उभे राहायचे, हे मला समजेना. वर्षामागून वर्ष गेले आणि मग फारच उशीर झाला. लॉरेलने पट्टीवरची नावे वाचून भांडी पोहोचवावीत, प्रत्येकात माझ्या बागेतले बटाटे भरून. पॉलिनचे निळे मोठे भांडे सर्वांत आधी.

तिसरे. अवजारांपैकी लॉरेलला हवे ते तिने घ्यावे. वेल्डिंगचे मशीन मी गस ट्वेटला देतो. ते त्याच्याकडेच आहे, आणि मी बारा वर्षे मागतो आहे. कॉफीच्या टेबलावर सात वर्षे तो मला रोज "काय रे, अजून आहेस?" असे विचारत आला, त्याबद्दल मात्र त्याला काहीही देऊ नये.

घर आणि बँकेतली शिल्लक लॉरेलची.

चौथे. तळ्याकाठची एकशेसाठ एकर जमीन, नेस्टरच्या कुंपणाला लागून असलेली, सर्व हक्कांसह मी नेस्टर हॅव्रिल्युक यास देतो; तो हयात नसल्यास पॉलिनला. कारण वर आले आहे.

पाचवे. जे कोणाला दिले गेले नाही, किंवा ज्याला दिले त्याला मिळू शकले नाही, ते बेलहॉमच्या सभागृहाला जावे. शाळा गेली, बँक गेली, रूळ उचलले, धान्याचे उंच कोठार एका सकाळी पाडले तेव्हा आम्ही सगळे पिकअपच्या बॉनेटवर बसून बघत होतो. दवाखाना आठवड्यातून एक दिवस उघडतो. सभागृह तेवढे उरले आहे, आणि त्याचा हीटर दर जानेवारीत मान टाकतो.

सहावे. ह्या वर्षीचा गहू आहे तसा उभा राहू द्यावा. हरणे, बदके, ज्यांना हवा त्यांनी खावा. माझ्या आजाराची बातमी बर्फ पडेपर्यंत कोणाला सांगू नये. माझ्यासाठी कोणीही मशीन बाहेर काढू नये. ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारनंतर.

सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळते त्यांना साक्षीदार होता येत नाही. म्हणून मी गसला फोन केला. त्याला तिसऱ्या कलमात मिळते ते त्याच्याकडेच आहे, तेवढे खोडून टाकू असा विचार केला. म्हणालो, एका कागदावर सही हवी, बरोबर आणखी एकाला आण, आणि तोंड बंद ठेव. गसला तोंड बंद ठेवायला सांगणे हा माझा मूर्खपणा. तासाभराने अंगणात पिकअप थांबली ती गसची नव्हती. नेस्टर उतरला आणि त्याच्या मागून डॅना, त्याची मुलगी, जी आता त्याच्याबरोबर शेती करते.

नेस्टरने चष्मा लावला, टेबलावरचे कागद उचलले आणि उभ्याउभ्याच वाचू लागला.

"साक्षीदाराने वाचायचं नसतं," मी म्हणालो. "आणि तू तर साक्षीदार होऊच शकत नाहीस."

"गप बस."

त्याने सगळे वाचले. पान उलटायला त्याला वेळ लागतो, संधिवाताने बोटे वाकली आहेत. मग चष्मा काढला.

"ह्या वेळी खरं आहे?"

"खरं आहे."

"खडे नाहीत ना? असतील तर आत्ताच सांग. मशीनचं तेल बदलायच्या आधी."

"बाबा!" डॅना म्हणाली आणि सिंककडे तोंड करून उभी राहिली.

"मशीन काढू नकोस, नेस्टर. मला दुसऱ्यांदा बघवणार नाही."

"मग डोळे मीट. बघ असं कोण म्हणतंय?" त्याने चौथ्या कलमावर बोट ठेवले. "आणि हे काय लिहून ठेवलंयस?"

"तुझा डुरम गेला. पॉलिनच्या गाई गेल्या. आणि मी मरत नव्हतो."

"ते मला दुपारीच कळलं होतं. फोन आला तेव्हा मी दारातच होतो की. त्याच्यानंतर चढलो मशीनवर."

"म्हणून तर जमीन देतोय."

"हे बघ, एल्वर. ही जमीन मी घेतली, तर त्या दिवशी मी मजुरीला आलो होतो असं होईल. मी मजुरीला आलो नव्हतो." त्याने हात पुढे केला. "एमिलच्या बायकोला मृत्युपत्रातून मिळणारा पियानो आठवतो? साक्षीदार म्हणून सही करून बसली आणि पियानो गेला. एकाने सही केली की नवराबायको दोघांपैकी कुणालाच मिळत नाही. दे ते पेन."

मी म्हणालो, "मग मी डॅनाच्या नावावर करतो."

डॅना वळली. डोळे लाल होते. "दुसरी सही मी करतेय, एल्वरकाका. झाली की नाही पंचाईत?"

मला हसू आले आणि त्याच दमात रडू आले. त्या दोघांसमोर मी बाहीने तोंड पुसत बसलो, आणि नेस्टर खिडकीतून गव्हाकडे बघत राहिला. "शनिवारी येतो," तो म्हणाला. "पॉलिनला सांगतो, स्वयंपाकघर तिचं. आणि जमिनीच्या भाड्यावर हॉलचा हीटर तरी बदलेल."

सबब कलम चौथे व कलम सहावे मी माझ्या हाताने खोडून बाजूला आद्याक्षरे केली आहेत. तळ्याकाठची जमीन पाचव्या कलमाप्रमाणे सभागृहाला जाईल. शनिवारी मी गोठ्यात जाणार नाही. शेताच्या कडेला खुर्ची टाकून बसेन आणि प्रत्येक मशीन समोरून जाईल तेव्हा हात वर करीन. जेवणाच्या वेळी गेल्या खेपेचे आणि ह्या खेपेचे आभार मानायचे आहेत. लाज वाटेल, पण बसेन.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो माझाच आहे.

एल्वर मार्टिन स्टेनरूड (सही)

बेलहॉम, बुधवार, २१ ऑगस्ट २०२४

साक्षीदार:

१. नेस्टर हॅव्रिल्युक (सही), शेजारी. एल्वरने माझ्यासमोर सही केली. मला ह्यातून काही मिळत नाही.

२. डॅना हॅव्रिल्युक (सही). मलाही नाही. आईचे निळे भांडे मी आजच घेऊन जात आहे, बटाट्यांसकट. भांडे आमचेच होते.