समोरच्याचं म्हणणं आधी

गुरुजी, आज शाळेत दोन मास्तरांचं भांडण मिटलं. भांडण फळ्यावरून होतं. एकानं लिहिलेलं दुसरा न विचारता पुसतो, एवढंच. पण राईचा पर्वत झाला होता. दोघं एकमेकांशी पोरांच्या तोंडून बोलायचे, आणि आता तर संस्थानच्या दरबारात अर्ज करायची भाषा सुरू झाली होती. हेडमास्तर म्हणून निवाडा माझ्या गळ्यात आला. मला दुसरं काही सुचेना, म्हणून तुमची युक्ती वापरून पाहिली. ती लागू पडली. इतकं हायसं वाटलं की शाळा सुटल्यावर घरी न जाता इथंच बसून तुम्हाला लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी हा असा, वरातीमागून घोडं.

तुम्हाला आठवत असेल, मी तुमच्या हाताखाली नुकताच लागलो होतो. मराठी सहावी पास, ट्रेनिंग नाही, जामसरचा डोंगरातला पोर. तुमच्याच शाळेत शिकलो आणि तुमच्याच शब्दावर दुसरीचा मास्तर झालो. शाळा म्हणजे एकच लांब खोली, मध्ये भिंत नाही. एका टोकाला माझी दुसरी पाढे म्हणतेय, दुसऱ्या टोकाला घाटावरून आलेले नवे मास्तर चौथीला शुद्धलेखन सांगताहेत. ते रीतसर ट्रेनिंग घेऊन आलेले, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बोलणं मोजकं. माझी पोरं गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात आणि मी वर म्हणतोय, "अजून मोठ्यानं!" एके दिवशी मास्तर एका मुलाची पाटी घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. पाटीवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'राजा शिकारीस गेला सात चोक अठ्ठावीस आणि त्याने वाघ मारला.' मला हसू आवरलं नाही. ते हसू मला महागात पडलं.

"तपासणीला दिपोटी इन्स्पेक्टर येतील तेव्हा त्यांच्या कानावर घालतो," ते म्हणाले. "शिकवता येत नाही म्हणून ओरडायचं. शाळा आहे की बाजार?" बिनट्रेनिंगच्या मास्तराला घरी बसवायला दिपोटीसाहेबांना एवढं निमित्त भरपूर झालं असतं. मग जामसर, आणि बापाच्या मागं नागलीचं शेत. शेताची लाज नव्हती हो. पण पोरगा मास्तर झाला हे बापानं गावात घरोघर जाऊन सांगितलं होतं, आता त्यानं कुणाकुणाला काय सांगायचं? घाबरलो की मी आडमुठा बनतो. दुसऱ्या दिवशी पाढे दुप्पट आवाजात घेतले. आमचं बोलणं बंद झालं. तुम्ही तुमच्या टेबलाशी बसून सगळं ऐकत होता, पण पोरांसमोर एक अक्षर बोलला नाहीत. शनिवारी फक्त म्हणालात, "उद्या दोघं माझ्याकडे जेवायला या."

तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ओसरीवर तीन पानं मांडलेली. माझं जरा लांब, ती तेव्हाची रीत. पण माईंनी वाढलं सगळ्यांना सारखंच: नागलीची भाकरी, उडदाची आमटी, भात. आमटीचा वास नाकात शिरला, मी हात पुढे केला, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब. तू यांची तक्रार सांगायची. मास्तर, तुम्ही याची सांगायची. स्वतःची कुणी सांगायची नाही. समोरचा 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणेपर्यंत पानाला हात लावायचा नाही. मीसुद्धा." मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. पण तुमचा चेहरा पाहिला आणि हात मागं घेतला.

मास्तर आधी बोलले. "याला दुसरी पद्धत येत नाही, म्हणून हा ओरडून घेतो." मी म्हटलं, नाही. "याला मला त्रास द्यायचा आहे." अलीकडे तसंच होतं, तरी मी म्हटलं, नाही. ते चिडले. आतून माई म्हणाल्या, "अहो, आमटी गार होतेय." तुम्ही ढिम्म. शेवटी मास्तर वैतागून माझ्याकडे वळले, "मग का ओरडून घेतोस रे, बाबा?" गुरुजी, इतक्या दिवसांत हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं ते तुम्हाला ठाऊकच होतं. तुम्ही मला जामसरहून आणलंत तेव्हा माझा बाप तुम्हाला म्हणाला होता, "न्यायचा तं न्या मास्तर, पन ह्यो कोनाशी बोलं नाय." घरी आमची बोली वेगळी. शाळेतली मराठी मला कळायची, पण तोंडातून निघायची नाही, कारण निघाली की बाजारपेठेतली पोरं हसायची. माझं तोंड उघडलं ते पाढ्यांत. सगळे मिळून ओरडत होते, त्यात माझी चूक कुणालाच ऐकू जात नव्हती. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आज तशीच आहेत, मी म्हटलं. आवाज कमी केला तर ती गप्प होतील. मास्तरांनी हेच सगळं, माझ्यापेक्षा नीट वाक्यांत, तुम्हाला सांगितलं आणि मला विचारलं, "हेच?" मी म्हटलं, "हो, हेच."

आता पाळी माझी. शुद्धलेखन बिघडतं, म्हटलं. "ते आहेच, पण एवढंच नाही." मी बिनट्रेनिंगचा आहे म्हणून. "नाही." मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते माझं ऐकायला मान वळवून, डावा कान पुढं करून बसले होते. वर्गातही ते असेच उभे राहायचे. मला वाटायचं हा तोरा आहे. मी हळूच विचारलं, "मास्तर, उजव्या कानानं ऐकू येत नाही का?" ते ऐकू आलं त्यांना. त्यांनी आधी तुमच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला माझीच भीती दिसली. "पोरं उत्तर देतात," ते म्हणाले, "आणि या गोंगाटात बरोबर दिलं की चूक तेच मला कळत नाही. दिपोटींना समजलं तर मला ठेवतील का? हो, हेच माझं म्हणणं." माई दारात उभ्या राहिल्या होत्या. तुम्ही फक्त म्हणालात, "जेवा."

पुढचं सोपं होतं. पाढे शेवटच्या तासाला, तेव्हा चौथी पाटीवर मुकाट हिशेब करायची. मास्तरांची जागा बदलली, डावा कान वर्गाकडे. दिपोटीसाहेब आले ते नेमके मास्तरांच्या उजव्या बाजूनं बोलायला लागले, मी माझ्या टोकावरून ओरडलो, "ऐका रे, साहेब नद्यांची नावं विचारताहेत!" आणि माझ्या वर्गातल्या एका पोराला साहेबांनी एकट्याला उभं केलं, तसे मास्तर लगबगीनं म्हणाले, "साहेब, यांचा वर्ग सगळा मिळून ऐकावा, फार गोड म्हणतात." गोड कसलं, कानठळ्या बसल्या साहेबांना. पण दोघांच्याही नोकऱ्या राहिल्या. त्या दिवशी घरी जाताना मी आणि मास्तर तिठ्यावर उभं राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तुम्ही पुढून गेलात, बघितलं न बघितलंसं केलंत.

आजच्या दोघांना मी जेवायला नाही, चहाला बोलावलं. चहा गार झाला, पण दोघांनी एकमेकांचं म्हणणं बरोबर सांगितलं. मी मात्र मध्येच दोनदा बोललो; तुमच्यासारखं गप्प बसणं अजून जमत नाही.

हे पत्र कुठं टाकणार? टेबलाच्या खणात राहील. एक मात्र सांगून टाकतो. तुमच्या शोकसभेत सगळ्यांनी मला दोन शब्द बोल म्हणून आग्रह केला. मी उभा राहिलो. सगळं गाव गप्प बसून माझ्याकडे बघत होतं, बरोबर ओरडायला कुणीच नव्हतं. घसा बसलाय म्हणालो, आणि खाली बसलो. गुरुजी, माझा घसा ठणठणीत होता.