डाव्या कोपऱ्याची जागा

५ जानेवारी १९८६, रविवार

पाहिली एकदाची ती मुलगी. रंजना कांबळे. घाटकोपरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, कबड्डीत डावा कोपरा. सामना चारचा. ही आली तेव्हा दोन्ही संघ रांगेत उभे होते. हातात अर्धा वडापाव. तिचे कोच सावंत सर लालबुंद. तिने शांतपणे वडापाव संपवला, हात मातीला पुसले, तीच माती कपाळाला लावली आणि आत गेली.

पहिल्याच चढाईला समोरच्या पोरीचा घोटा धरला. ती पोरगी आडवी झाली तरी तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच, आपल्याला धरलंय हे तिला कळलंच नव्हतं. मी उभी राहिले. सोळा वर्षं खेळतेय, असा घोटा मी धरलेला नाही, कुणी धरलेला पाहिलेलाही नाही.

मग शेवटी दोन गुणांनी पुढे असताना, नुसतं उभं राहायचं होतं, तर ही बया एकटीच धावली. बाद. त्यावरून पंचाशी भांडण. म्हणते, ‘चष्मा लावा.’ पंच चष्मा लावूनच होते. पंचांनी बाहेर काढलं आणि जिंकलेला सामना गेला.

सावंत सर मला म्हणाले, ‘बघा बाई, हिला घेऊन जा किंवा मला तरी घेऊन जा.’

७ जानेवारी

प्रधान साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. डेप्युटी मॅनेजर आणि वर बँकेचे स्पोर्ट्स सेक्रेटरी. स्वतः आयुष्यात कॅरमच्या पलीकडे गेलेले नाहीत. यंदा महिला संघात एकच जागा भरणार. संघात जागा म्हणजे बँकेत नोकरी, क्लार्क, कायमची. मी कॅप्टन, म्हणून मुली बघून रिपोर्ट मी द्यायचा. सही त्यांची.

त्यांच्या मनात बोरिवलीची मृदुला आहे. ‘चांगल्या घरची आहे. शिस्त आहे. मिसेस परब, टॅलेंट काय, पोत्याने मिळतं.’

पोत्याने! मला एक पोतं आणून द्या म्हणावं. गेली तीन वर्षं आम्ही उपान्त्य फेरीत घरी येतोय, कारण डाव्या कोपऱ्यात भगदाड आहे.

आणि ‘चांगल्या घरची’ म्हणजे काय? रंजना घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहते. वडील रंगकाम करतात. ते वाईट घर का? माझे बाबा गिरणीत साच्यावर होते, आम्ही सातजण एका खोलीत. हे तोंडावर बोलले नाही. बोलायला हवं होतं.

१२ जानेवारी, रविवार

बोरिवलीला जाऊन मृदुलाला पाहिलं. उगाच वाईट लिहिणार नाही. पोरगी वेळेआधी अर्धा तास हजर. बूट पांढरेशुभ्र. सांगितलं तिथे उभी राहते, साखळीत हात घट्ट धरते, एकही चूक केली नाही.

पण चढाईला येणारी एकही पोरगी तिला घाबरली नाही. सगळ्या तिच्या बाजूने हसत हसत परत जात होत्या. रंजनाच्या कोपऱ्याकडे कुणी फिरकत नाही, वळसा घालून जातात. हा फरक कॅरमवाल्याला कसा समजावायचा?

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘मग घे ना तिलाच. तुझी काय हरकत?’ जसं काही बँक माझ्या माहेरची आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन रंजनाकडे गेले. निमित्त तिळगुळाचं, खरं तर खडसावायला. सावंत सर म्हणाले होते की ही सकाळच्या सरावाला कधीच वेळेवर येत नाही, विचारलं की म्हणते पाणी भरायचं असतं. मला वाईट वाटलं होतं. पाणी भरणं काय असतं मला माहीत आहे.

तिच्या आईने चहा टाकला. सहज विचारलं, पाणी कधी येतं? आई म्हणाली, ‘पहाटे पाचला येतं, अर्ध्या तासात भरून होतं. आणि ही कुठे भरते, मीच भरते. ही आठ वाजता उठते.’

रंजना खो खो हसायला लागली. लाज नाही. मी म्हटलं, ‘हसतेस काय? नोकरीचा प्रश्न आहे तुझ्या.’

‘ताई, मी सामन्यात झोपते का?’

‘झोपत नाहीस. पण एकटी पळतेस.’

‘दिसलं की जाते मी. थांबले तर ती सुटते.’

‘आणि नाही मिळाली म्हणजे?’

‘मग शिव्या खाते. सवय आहे.’

आईने डोक्याला हात लावला. मलाही लावावासा वाटला. निघताना तिने वाकून पाया पडून तिळगूळ घेतला, आणि मी जिना उतरेपर्यंत वरून ओरडून विचारलं, ‘ताई, बँकेत शनिवारी हाफ डे असतो ना?’

१६ जानेवारी

रिपोर्टात काय लिहू? खरं लिहायचं तर, उशिरा येते, ऐकत नाही, पंचाशी भांडते, खोटं बोलते, आणि आख्ख्या मुंबईत तिच्यासारखी दुसरी नाही. पहिल्या चारांवर प्रधान लाल रेघ मारतील आणि पाचवं वाचणारच नाहीत.

प्र.ना म्हटलं, चाचणी घेऊ या. रविवारी मुलुंडला आमचा दादरच्या क्लबशी सरावाचा सामना आहेच. एक डाव रंजना, एक डाव मृदुला. दोन्ही डावांत शेजारी मी स्वतः उभी राहीन. बघा आणि ठरवा.

तयार झाले. बहुतेक त्यांना वाटलं, ही आपणहून खड्ड्यात पडतेय.

१९ जानेवारी, रविवार

वाट लागली. नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

रंजना वेळेवर आली. (मी लताला पाठवून उठवून आणली. लता आमच्या संघातली, घाटकोपरलाच राहते.) पहिला डाव रंजनाचा. ती कोपऱ्यात, शेजारी मी, हातात हात. आमच्या संघाची एक रीत आहे, मी आले त्याच्याही आधीपासूनची. साखळीत जी जुनी, ती बोट दाबते. बोट दाबलं की कोपऱ्याने जायचं, तोवर नाही. मलाही अशीच शिकवली, मीही सगळ्यांना अशीच शिकवली.

चढाईवाली आली. रंजना निघाली. मी अजून दाबलं नव्हतं, म्हणून हात सोडला नाही, उलट मागे ओढलं. ती अर्धी पुढे, अर्धी माझ्या हातात. चढाईवाली दोघींना शिवून गेली. दोघी बाद. मी तिच्यावर ओरडले, सगळ्यांसमोर.

परत आत आलो, परत तेच. तिचं करंगळीशेजारचं बोट पिरगळलं. तिने फक्त माझ्याकडे बघितलं. भांडली नाही. पंचाला चष्मा लावायला सांगणारी पोरगी मला एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्यांदा मी वैतागून हातच सोडला. जा, मर म्हटलं. आणि ती गेली. घोटा. अशी बसली की चढाईवालीचा हात मध्यरेषेपासून वीतभर राहिला. तेव्हा मला दिसलं ते मी आता लिहितेय. ती चढाईवालीच्या टाचेकडे बघते. टाच उचलायच्या आत तिला कळतं. मी बघते खांद्याकडे. खांदा वळतो तोवर उशीर झालेला असतो. पाच वर्षांपूर्वी होत नव्हता.

प्रधान खुर्चीवर बसून लिहीत होते. दुसऱ्या डावात मृदुलाचं बोट मी दाबलं की ती जात होती. दर वेळी. एकही पकड झाली नाही, पण दिसायला सुंदर दिसत होतं.

घरी आले तर सासूबाई दारातच. ‘ह्या वयात मातीत लोळतस गो? लोक काय म्हणतले?’

२१ जानेवारी

दोन रात्री झोप नाही. आज केबिनमध्ये गेले.

प्र. म्हणाले, ‘बघितलंत ना? साखळी तोडते. सरळ सरळ बेशिस्त. मी मृदुलाचं नाव पाठवतोय.’

गप्प बसले असते तर चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं. रंजना बोलली नसती, हे मला रविवारीच कळलं होतं.

म्हटलं, ‘साहेब, साखळी तिने तोडली नाही. मी तिला धरून ठेवलं. तिला जे दिसलं ते मला उशिरा दिसलं.’

‘म्हणजे चूक तुमची?’

‘हो. दोन्ही वेळा.’

पेन खाली ठेवलं त्यांनी. चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही बोनस जाहीर झाला. ‘मिसेस परब, हे तर मी तुम्हाला दोन वर्षं सांगतोय. तुम्ही आता थांबायला हवं.’

मी म्हटलं, ‘आपण तिच्याबद्दल बोलतोय.’

‘मी दोघींबद्दल बोलतोय.’

खड्डा खरंच होता म्हणायचा. मीच खणलेला. पण पश्चात्ताप नाही, हे लिहून ठेवते. राग आहे, भरपूर आहे, पश्चात्ताप नाही.

२३ जानेवारी

प्र.चा निकाल. मी पुढच्या मोसमात खेळणार असेन तर रंजनासाठी जागा नाही, कारण ‘तिला सांभाळायला कोच लागेल, आणि कोच मैदानाबाहेर असतो.’ मी खेळणं सोडून कोच म्हणून बाहेर बसणार असेन तर ती घेतली. नाहीतर मृदुला, जी कुणाच्याही शेजारी उभी राहू शकते. सोमवारी उत्तर द्यायचं.

किती गोड आवाजात सांगितलं. वर ‘नीट विचार करा’ म्हणून चहा मागवला. चहा तसाच ठेवून आले.

त्यांना वाटतं मी रडेन. टेबलावर आले आणि दुपारभर इतक्या जोरात टाइप केलं की शेजारच्या काउंटरवरून लता बघायला आली. ‘काय गं कुंदा, कुणाचा मुडदा पाडतेस?’

छत्तीस वर्षांची आहे. गुडघा दुखतो, खरंय. पण अजून माझा दम रेल्वेचा भोंगा थांबेपर्यंत पुरतो. खेळणं सोडल्यावर मी कोण? चार वाजता कॅश बंद करणारी एक बाई. हे ह्यांना सांगितलं तर ह्यांनी विनोद केला नाही, पाठीवर हात ठेवला. तेच जास्त वाईट वाटलं.

२५ जानेवारी

रंजनाला कुठून कळलं? लताच, दुसरं कोण. बँकेच्या दारात उभी. बोटाला चिंधी बांधलेली.

‘ताई, तुम्ही बसायचं नाही. मला असली दया नको. मृदुलाला घ्या, मी काय मरत नाही.’

‘दया? अगं शहाणे, मला कप जिंकायचाय. तुझी दया कोण करतंय?’

‘मग खेळा ना तुम्ही.’

‘मी खेळले तर तू नाहीस.’

‘हा कुठला न्याय?’

‘कॅरमचा.’

हसली नाही. म्हणाली, ‘पण तुमचं संपलंय असं कोण म्हणतं? तो? त्याला काय कळतं?’

हा प्रश्न मात्र बरोबर होता. प्रधानांना काही कळत नाही. मग कुणाला कळतं? मुंबईत माझी चढाई अडवू शकेल अशी एकच मुलगी आहे, आणि ती समोर उभी होती.

म्हटलं, ‘उद्या सकाळी मुलुंडच्या मैदानावर ये. तू आणि मी. मी चढाईला येते. धरलंस तर मी बसते. सुटले तर खेळते, मग प्रधान काय करतील ते करोत.’

तिचा चेहरा पडला. म्हणाली, ‘मी नाही येणार.’

‘यायचं. आणि वेळेवर.’

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीत झेंडावंदन झालं आणि तशीच मैदानावर गेले. ती माझ्याआधी आलेली. आयुष्यात पहिल्यांदा! एकटीच कोपऱ्यात बसून माती चाळत होती, खडे बाजूला टाकत होती.

रेषा आखल्या. मी माती कपाळाला लावली, दम घेतला, आत गेले. उजवीकडे दाखवलं, डावीकडे पाय टाकला. पाय तिच्या इतका जवळ पडला की लहान मुलीनेही धरला असता. तिचा हात आला, घोट्याला लागला, आणि सुटला.

परत आले. मध्यरेषेवर उभी राहिले. ती खाली बघत होती.

मी इतकी कधी कुणावर चिडले नव्हते. प्रधानांवरसुद्धा नाही. म्हटलं, ‘सोडलंस.’

‘निसटला, ताई.’

‘खोटं. पाणी भरतेस तसलं खोटं. माझ्या सोळा वर्षांवर उपकार करतेस? तुझी लायकी आहे का गं?’

डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि मागोमाग राग. तो राग बघितला आणि मला बरं वाटलं. चिंधी दातांनी सोडून फेकली. खाली वाकली. या वेळी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, टाचेकडे बघत होती.

म्हटलं, ‘आता खरी ये. मी पण खरी येते.’

आणि गेले. जितकं अंगात होतं तितकं सगळं घेऊन गेले.

काय झालं ते इथे लिहीत नाही. उद्या दहा वाजता प्र.च्या केबिनमध्ये आधी सांगणार, मान वर करून. गुडघा शेकत बसलेय. कोपर सोललंय, घोट्यावर पाच बोटांचे वळ आहेत, केसांत अजून माती आहे. सासूबाई काहीतरी बडबडतायत, हे पाणी तापवतायत, आणि मला सकाळपासून हसू आवरत नाहीये.